नोराचं रफू

थॉर्नक्लफला सपाट जागा फक्त कबरस्तानात, बाकी सगळा चढ. लोकरीची गिरणी कधीच बंद पडली, पण गावाची ऐट गेली नव्हती. समोरच्याच्या कोटाचं कापड चिमटीत धरून पाहिल्याशिवाय इथे कुणी कुणाची खुशाली विचारत नसे.

गिरणीत एनिड आणि नोरा एकाच मेजावर रफूला बसत. एनिडचं तोंड चालायचं, नोराची सुई. "भोक म्हणजे भोक, लहान काय न मोठं काय," असं म्हणून नोरा बुजवत सुटायची. "आणि सगळ्यात मोठं भोक तुझ्या नाकाखाली आहे. एक दिवस तेही बुजवीन!" शाबासकी मात्र एनिडच लाटायची, कारण ती मागायला तोंड लागतं. गेल्या हिवाळ्यात नोरा वारली.

शनिवारी गिरणीत संग्रहालय उघडणार होतं. तिथे वाजवणाऱ्या गावच्या बँडच्या लोकरी गणवेशांची कसरीने पार चाळण केली होती. बँडमास्तर क्लिफर्डने ते एनिडकडे आणून टाकले. तिचे हात आता थरथरत, पण ते कबूल करणं तिच्या जिवावर आलं. तिने गठ्ठा खुर्चीवर ठेवला आणि झोपून गेली.

सकाळी एकही भोक नव्हतं.

"बाई, हात आहेत की जादू!" क्लिफर्ड म्हणाला.

"हातच आहेत," एनिड म्हणाली आणि त्याने आणलेला आल्याचा केक तिने निवांत संपवला.

दुसऱ्या दिवशी तो एक गणवेश काखेत मारून, लालबुंद होऊन चढ चढत आला. "बाई, काजं कुठायत? खिसे कुठायत? आणि पँटची पुढची फट? बिअर प्यायल्यावर माणसानं करायचं काय?"

एनिडने कात्रीने फट मोकळी केली. चहा कपात ओतेपर्यंत ती पुन्हा बुजली. दोघं कप धरून बघत राहिले.

"जुन्या लोकरीला खोड असते तशी," एनिडने ठोकून दिलं.

पण तिने हात ओळखला होता. नोरा कधी गाठ मारत नसे, धाग्याचं टोक विणीतच जिरवायची. एनिड घाबरली. नोराचं नाव सांगून टाकावं, असंही तिला वाटलं. पण शनिवारी अख्खं गाव जमणार होतं, आणि कौतुक एकदाच व्हायचं होतं.

शनिवारी बँडवाले सेफ्टी पिना लावून, सकाळपासून पाण्याचा थेंबही न घेता उभे राहिले. त्यांनी फुंकर मारली. आवाज आला नाही. प्रत्येक कर्ण्याच्या तोंडावर करडं कापड ताणून बसलं होतं.

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले.

"राहू दे वाजवणं," क्लिफर्ड घाईने म्हणाला. "एनिडबाई, सांगा लोकांना, एवढं सुरेख रफू कुणी केलं?"

एनिडने छाती भरून श्वास घेतला. मीच, म्हणायचं होतं.

ओठ उघडले नाहीत.

तिने ओठांवरून बोट फिरवलं. वीण घट्ट होती. गाठ कुठेच लागली नाही.

"लाजल्या बघा!" क्लिफर्ड म्हणाला. गावाने टाळ्यांचा कडकडाट केला.

त्या कडकडाटात एनिडला डाव्या नाकपुडीच्या कडेला सुईचं टोक लागलं.