आत ओढणारं पंक्चर

"गेली! पुन्हा बंद पडली!" विकी ओरडला.

पिंपळीतल्या घराच्या अंगणात बाबांनी किल्ली फिरवली तशी जुनी मारुती थरथरली, खोकली आणि गप्प झाली. उद्या जोतीराम मामा इंदापूरहून येऊन ती आपल्या गॅरेजात नेणार होता. कायमची!

"ताईनं शिकता शिकता इंजिनाची वाट लावली, दाजी. आता ही भंगारच," असं त्यानं बाबांना सांगितलं होतं. बाबांनी ते मानलं. येत्या जूनपासून लासुर्ण्याच्या शाळेत शिकवायला स्वतः गाडी चालवत जायचं ठरवलेली आई तेव्हापासून स्टिअरिंगला शिवली नव्हती.

"आईनं वाट लावली? ती तर हॉर्नसुद्धा विचारून वाजवते!" विकीची थोरली बहीण पायल चिडून म्हणाली.

"पण मामा चुकेल कसा?" धाकट्या विकीनं विचारलं.

"चुकला असेल. आपण शोधून काढलं तर तोच पाठ थोपटेल बघ!" मामा पायलचा फार लाडका होता. सायकलचं पंक्चर काढायला त्यानंच तिला शिकवलं होतं.

दोघांनी आईला कसंबसं गाडीत बसवलं. "फक्त चालू ठेव, आई. पंख्याजवळ हात नेणार नाही, शपथ!"

इंजिन धडधडू लागलं. त्यातून बारीक सूंऽ आवाज येत होता.

"हवा गळतेय! साबणाचं पाणी आण!"

पायलनं ब्रशानं एकेका नळीवर फेस लावला. बुडबुडे कुठेच येईनात.

"पंक्चर नाहीच," विकी म्हणाला.

मग पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या बुडाशी करंगळीएवढ्या रबरी नळीवर फेस लागला आणि नाहीसा झाला! इंजिनाचा आवाजही बदलला. पुन्हा लावला, पुन्हा गायब!

"अगं, हे फेस पितंय!"

"उलटं पंक्चर आहे हे!" पायल उडालीच. "सायकलची हवा बाहेर येते. इथं इंजिन हवा आत ओढतंय. जास्तीची हवा शिरते, त्यामानानं पेट्रोल कमी पडतं, म्हणून गुदमरतंय ते!"

इंजिन थंड झाल्यावर तिनं नळी उपसली. टोकाशी, खालच्या बाजूला चीर होती. बाकीचं रबर मऊ, धडधाकट. चीर मात्र ब्लेडनं मारावी तशी सरळ.

"विकी, बॉनेट कोणी कोणी उघडलं होतं?"

"मामानंच." विकीचा आवाज खाली गेला.

चिरलेलं टोक कापून पायलनं नळी पुन्हा घट्ट बसवली. आईनं किल्ली फिरवली. गाडी एका सुरात चालू लागली! आई हसली, पण पायलला हसू येईना. तिनं आईला नळी फुटल्याचं तेवढं सांगितलं. मामाचं नाव घेववेना. त्यानं केलंच नसेल तर?

दुसऱ्या दिवशी मामा दोरखंड घेऊन आला. "जय भीम, दाजी! नेऊ का भंगार?"

"मामा, गाडी दुरुस्त झाली!" विकी म्हणाला. "नळी वरून तडकली होती, उन्हानं."

"वरनं कुठली तडकतीय? खालनं चिर..."

मामा थांबला. पायलनं मूठ उघडून कापलेलं टोक बाबांपुढे धरलं.

"गाडी मला पाहिजे होती, ताई," मामा पुटपुटला. "मागितली असती तर दिली असती का तुमी?"

"मागून तरी बघायचं होतंस, जोती," आई म्हणाली. "बहिणीच्या नावावर कशाला खपवलंस?"

बाबांनी मान खाली घातली. "मीही विचारलं नाही तुला, अंजली. सरळ मानून मोकळा झालो."

ओट्यावर बसून सगळं ऐकणारे शेजारचे कचरूआबा उठले. "वा रं पोरांनो! इंजिनाचं तर काढलंच, मानसाचंबी पंक्चर हुडकलं की!"

विकीची छाती फुगली. मामानं पायलकडे पाहिलं. "तू तरी बोल की गं."

"मला वाटलं होतं, तू चुकला असशील," पायल म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

आईनं स्टिअरिंगमागे बसून रिव्हर्स टाकला. सवयीनं मामा फाटकाशी धावला आणि हात हलवू लागला, "येऊ द्या ताई, येऊ द्या, थोडं डावीकडं..."

आईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिनं आरशात पाहिलं आणि गाडी अलगद फाटकाबाहेर काढली.