वीतभर खाली

मंगळावरच्या तांबडमाळ वसाहतीत चोरीला एकच शिक्षा होती. चोराला मोकळी हवा खायला पाठवत, पोशाखाशिवाय. मंगळावर खाण्याइतकी हवा नाही, त्यामुळे ते जेवण फार लवकर आटोपायचं.

अशा गावात एके सकाळी आम्लघराची टाकी वीतभर रिकामी निघाली.

टाकी पुरुषभर उंच, पोलादी, आणि तिच्यात निखळ ॲसेटिक आम्ल. वसाहतीचा सगळा संसार त्या टाकीवर. आम्ल बेतानं पाण्यात सोडलं की व्हिनेगर, आणि व्हिनेगरात मुरवल्याशिवाय शेवाळाची रोटी दोन दिवस टिकत नसे. पोशाखांच्या काचांवरचा पापुद्रा त्याच्यापासून, चिकटवायचा डिंकही त्याच्यापासून. पण निखळ असताना ते कुणाचं सोयरं नाही. कातडीवर पडलं की फोड, डोळ्यात उडालं की डोळा गेला, आणि वाफ छातीत भरली की माणूस खोकून खोकून मरतो.

रसायन जाणणारी माणसं गावात दोनच. आम्लघराच्या प्रमुख यमुना सरमळकर आणि त्यांचे मदतनीस डॉ. विद्याधर खांबेटे. पृथ्वीवर परतणाऱ्या यानात आम्लघराच्या वाट्याला एक जागा आली होती, ती अर्थातच यमुनाबाईंना. पुढचं यान यायला आणखी दोन वर्षं.

वसाहतपाल पायगुडे हे निवृत्त फौजदार. रसायनातलं त्यांना काही कळत नसे, पण चोर नुसत्या नजरेनं ओळखतो अशी त्यांची ख्याती होती. ती त्यांनीच पसरवलेली.

"सरमळकरबाई, वीतभर आम्ल गेलं कुठं?"

"कुठं जाईल? टाकीतच आहे. खोली गार पडली आणि ते गोठलं. साडेसोळा अंशांच्या खाली गेलं की हे आम्ल बर्फासारखं घट्ट होतं, आणि घट्ट होताना आकसतं. वितळू द्या, पुन्हा काठाला येईल."

"गोठलं की फुगतं, बाई! लहानपणी पाण्याच्या बाटल्या गोठवून फोडल्यात मी."

"ते पाणी झालं. पाण्याची तऱ्हाच उलटी. बाकी बहुतेक सगळं गोठताना आकसतंच. विचारा ना खांबेट्यांना."

खांबेट्यांनी हात जोडले. "बाई माझ्या गुरू आहेत, साहेब. त्यांच्याविरुद्ध कसं बोलू?"

"बोला!"

"फुगतं, साहेब."

"मेल्या, जीभ झडेल तुझी!" यमुनाबाई ओरडल्या. "बाटलीभर गोठवून दाखव बघू!"

"दाखवतो की," खांबेटे म्हणाले, आणि आतून बाटली भरून घेऊन आले. बूच घट्ट लावून त्यांनी ती शीतपेटीत ठेवली. थोड्या वेळानं आतून तडकन् आवाज आला. बाटलीला उभी चीर गेली होती.

"वास घ्या तिचा! व्हिनेगर आहे ते! शंभरात पाच भाग आम्ल, बाकी पाणी. पाणीच फुगलंय ते!"

पायगुड्यांनी वास घेतला. पण तीन वर्षं सकाळ-संध्याकाळ आंबट खाणाऱ्या माणसाच्या नाकात राहतं काय?

"आंबट आहे," ते म्हणाले. "म्हणजे आम्लच."

त्याच संध्याकाळी यमुनाबाईंना मोकळी हवा खायला पाठवलं. दार लागायच्या आधी त्या खांबेट्यांकडे बघून चक्क हसल्या. "टाकी भरताना माझी आठवण काढा हो!"

आदल्या दिवशी आम्लघराची ऊब सांभाळणारा तापराखण्या बारा अंशांवर कुणी फिरवून ठेवला होता, ते चाणाक्षांना सांगायला नकोच.

दुसऱ्या दिवशी पायगुडे आम्लघरात आले. "खांबेटे, राखीव पिंप आणा आणि ही तूट भरून काढा. अगदी काठोकाठ. मग झाकण बोल्टनं आवळा, मोहोर मी लावतो."

"साहेब, थोडी जागा मोकळी सोडू या..."

"कशाला? गोठल्यावर फुगतं ना हे?"

"हो."

"मग वितळल्यावर आकसणार. जागा आपोआप होईल."

खांबेट्यांनी टाकी काठोकाठ भरली आणि स्वतःच्या हातानं बोल्ट आवळले.

"शाबास! आता चोराचे साथीदार असतील तर? यानातली बाईंची जागा आता तुमची; ते सुटेपर्यंत तुम्ही इथंच राहा. तुमच्याइतका विश्वासू माणूस कुठं मिळायचा? दार मी बाहेरून लावतो, म्हणजे तुमच्यावर कुणी बालंट आणायला नको. आणि धुळीच्या वादळानं वीज तुटपुंजी आहे, तेव्हा तो तापराखण्याही आता माझ्या कचेरीतूनच चालेल."

खोलीत बारा अंश होते. खांबेटे कांबळं पांघरून बसले. गारठा आहे तोवर आम्ल घट्ट, आणि आम्ल घट्ट तोवर आपण सुखरूप, असा त्यांचा हिशेब. थंडीवर इतकं प्रेम कुणी केलं नसेल.

तेवढ्यात भिंतबोल्या खरखरला. "खांबेटे, वादळ सरलं! वीज मुबलक आहे. तुमची खोली चोवीस अंशांवर ठेवलीय."

"नको, साहेब! मला थंडी मानवते!"

"अहो, संकोच कसला!"

जाळीतून ऊब येऊ लागली. तेरा झाले, मग पंधरा, मग अठरा. खरं सांगावं तर मोकळी हवा, न सांगावं तर ही टाकी. झाकण कुरकुरलं तेव्हा खांबेट्यांना मोकळी हवा बरी वाटली. त्यांनी भिंतबोल्याला तोंड लावलं.

"साहेब, हे आम्ल वितळताना फुगतं! टाकी फुटेल! दार उघडा!"

पायगुडे म्हणाले, "सरमळकरबाई हेच म्हणत होत्या."

"बाई खरं बोलत होत्या! मी खोटं बोललो!"

"खांबेटे," पायगुड्यांचा आवाज अगदी मऊ झाला, "बाईंचं फार मनाला लावून घेतलंत तुम्ही. माझ्या डोळ्यांदेखत बाटली फुटली ना? कुणी फोडून दाखवली? तुम्हीच ना?"

खांबेटे दारावर मुठी आपटू लागले. त्यांच्या पाठीमागे टक्, टक् असा आवाज येऊ लागला.

"अरेरे, दात वाजतायत तुमचे, इथवर ऐकू येतंय," पायगुडे कळवळून म्हणाले आणि त्यांनी तापराखण्या आणखी थोडा चढवला.

ते दात नव्हते. झाकणाचे बोल्ट होते.