बारा जणांचा चहा

"दे ना रे मेल्या! आधीच पाऊस, त्यात तू..."

थॉर्नब्रिजच्या क्राउन कोर्टात कॉफीच्या मशीनला कुणी मराठीतून रागावेल, असं उल्हासला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तो वळला. निळा रेनकोट, उलटी झालेली छत्री, आणि मशीनवर रोखलेले दोन डोळे.

त्यानं पुढे होऊन मशीनच्या डाव्या अंगावर हलकेच थोपटलं. कप पडला, कॉफी आली.

"रागावून नाही ऐकत ते," तो म्हणाला. "थोपटावं लागतं."

ती बघतच राहिली. मग हसू फुटलं. "तू मराठी? इथे? या काळ्या झग्यात?"

"झगा नोकरीचा. मराठी घरची."

वेल्सच्या सरहद्दीजवळचं हे गाव. मेंढ्या जास्त, माणसं कमी. उल्हास इथल्या कोर्टात अशर होता. साक्षीदारांना हाक मारायची, ज्युरीला आत-बाहेर न्यायचं, जज आल्या की सगळ्यांना उभं करायचं, हे त्याचं काम. त्याची बायको सुहासिनी इथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर होती. तिच्या नोकरीपायी दोघं इथे आले. तीन वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून घरात मराठी बोलायला कुणी उरलं नव्हतं. रविवारी नाशिकहून ताईचा फोन यायचा, तेवढाच.

हिचं नाव मालविका. लंडनच्या स्टॅनमोर भागात वाढलेली, आता पलीकडच्या खोऱ्यात चीजच्या कारखान्यात, लॅबमध्ये. ज्युरी ड्यूटीचं बोलावणं आलं म्हणून आज इथे.

"म्हणजे चीज खायचा पगार मिळतो?"

"टेस्ट करायचा! खाल्लं तर तो बोनस." तिनं घोट घेतला. "माझी मराठी ना, किचनमधली आहे. हसू नकोस हं."

"नाही हसत. तू बोल... बोलत राहा."

हे तोंडून निघालं आणि त्याचे कान तापले. तिनं ते पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"तिथे वर कोण बसतं?" तिनं गॅलरीच्या जिन्याकडे बोट दाखवलं.

"कुणीही. कोर्ट सगळ्यांना उघडं असतं. एक आजोबा तर रोज नुसते हीटरच्या उबेला येतात. का आलात, असं कुणी विचारत नाही."

तासाभरानं ज्युरीची नावं निघाली. बारा जणांत सातवं नाव मालविकाचं.

खटला मेंढ्यांच्या चोरीचा. पिंजऱ्यात एक तरुण मेंढपाळ, गॅलरीत त्याची आई. उल्हासनं आधी जजबाईंना सांगितलं, सकाळी या बाईंशी बोललो, पाऊस आणि चीज एवढंच. त्यांनी मान डोलावली. पण दुपारी कॉरिडॉरमध्ये मालविकानं सहज मराठीत विचारलं, "लंचला इथे काय चांगलं मिळतं रे?" आणि अकरा माना वळल्या.

उल्हासचे ओठ हलले. मग त्यानं इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं. "माफ करा. या दारांच्या आत मी तेच बोलतो, जे बाराही जणांना कळेल."

तिचा चेहरा पडला. पण मान हलली... कळलं, अशी.

दुसरं काय करणार? अशर ज्युरीतल्या बाईशी परक्या भाषेत कुजबुजतो, एवढा संशय पुरे. सगळा खटला पुन्हा पहिल्यापासून. त्या पोरानं आणखी किती दिवस पिंजऱ्यात उभं राहायचं? तीन वर्षांनी कुणीतरी मराठी बोलणारं भेटलं, आणि तिच्याशीच बोलायचं नाही!

दुसऱ्या दिवशी उल्हासनं घरून मोठं पातेलं आणलं. आलं आणलं, वेलची आणली. एकीला चहा देणं म्हणजे पक्षपात. बारा जणांना देणं म्हणजे पाहुणचार.

"यात घातलंय तरी काय?" ज्युरीतला म्हातारा शेतकरी कपात डोकावून म्हणाला. "खोकला पळाला माझा!"

मालविकानं कप नाकाशी नेला. डोळे मिटले. मग, इंग्रजीतच, सगळ्यांसमोर विचारलं, "तुमच्या घरी याला काय म्हणतात?"

"चहा."

"चाहा," शेतकरी म्हणाला. "चहा," बाराही जणांनी घोकलं. बाराही जणांना कळेल असा एक मराठी शब्द तयार झाला.

मग रोज तेवढंच. ती दारातून आत येताना, "चहा?" तो पातेल्यावरून मान वर करत, "चहा." एका शब्दात किती मावतं! कसा आहेस. बरी आहेस ना. केस आज मोकळे. झोप नाही झाली वाटतं...

पण एका दुपारी कप घेताना तिची नजर त्याच्या बोटातल्या अंगठीवर थांबली. दुसऱ्या दिवशी तिनं "चहा" म्हटलं नाही. "थँक यू" म्हटलं.

आणि त्याला काहीच सांगता येईना.

ज्युरी विचाराला बसायची वेळ आली. रिवाजाप्रमाणे उल्हासनं सगळ्यांदेखत शपथ घेतली: या ज्युरीला मी वेगळ्या, सोयीच्या जागी ठेवीन. कुणालाही त्यांच्याशी बोलू देणार नाही. मीही बोलणार नाही... एकमत झालं का, एवढं विचारण्यापुरतंच बोलेन.

शेवटच्या वाक्याला तिनं वर पाहिलं. क्षणभरच.

संध्याकाळी निकाल आला. निर्दोष. वर गॅलरीत पोराची आई रडत होती. जजबाईंनी ज्युरीला मोकळं केलं, पण पुढच्या कामासाठी उल्हासला थांबवून घेतलं. तो ज्युरीच्या खोलीत धावत पोचला तेव्हा टेबलावर अकरा उष्टे कप होते, आणि एक धुऊन पालथा घातलेला.

ऑफिसातली ब्रेंडा हे सगळं बघत होती. "तिचा पत्ता माझ्या कॉम्प्युटरवर आहे," ती हळूच म्हणाली. "मी जरा बाहेर जाऊन येते."

"नको, ब्रेंडा. तो पत्ता तिनं कोर्टाला दिलाय. मला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा खटला. उल्हास झगा सारखा करत उभा राहिला, आणि सवयीनं गॅलरीकडे नजर गेली. आजोबा नेहमीच्या जागी. त्यांच्या शेजारी... निळा रेनकोट.

जजबाई आत आल्या. कुणीच उठलं नाही, कारण "ऑल राइज" म्हणायला उल्हास विसरला होता. क्लार्क खाकरला. मग वर गॅलरीत एकजण आपणहून उभी राहिली, आणि तिच्या पाठोपाठ सगळं कोर्ट.

मधल्या सुट्टीत तो पायऱ्यांवर आला. पाऊस भुरभुरत होता. ती मोडक्या छत्रीखाली उभी होती.

"रजा टाकलीस?"

"चीज कुठे पळून जातंय? वर्षभर पिकत बसतं ते."

"अंगठीचं मला सांगायचं होतं—"

"तेच विचारायला आले होते." तिचा आवाज हळू झाला. "पण आजोबांनीच सांगितलं. सुहासिनी ना? त्यांचा गुडघा तिनंच बरा केला म्हणे."

उल्हासनं मान हलवली. "काढावीशी वाटली नाही कधी."

"मग काढू नकोस. मला आधीच कळायला हवं होतं... एकट्या माणसाकडे बारा जणांचं पातेलं कुठून येणार? तिचंच असणार ते."

पावसाचे थेंब झग्यावरून ओघळत होते.

"शपथ घेतली होतीस ना," ती खट्याळपणे म्हणाली, "एवढंच विचारीन म्हणून? मग विचार की!"

"एकमत... एकमत झालं का?"

"माझं झालंय. तुझं सांग."

तीन वर्षं मनात मराठी साठली होती. आता बोलायचं, तर एक शब्द ओठांवर येईना. मालविकानं छत्री त्याच्या डोक्यावर धरली आणि त्याच्या डाव्या दंडावर हलकेच थोपटलं... एकदा, दोनदा.

"संध्याकाळी घरी ये," उल्हास म्हणाला. "चहा करतो. लहान पातेल्यात."