एकशे चाळीस ठोके

सही करते, शाझिया, पण आधी बस. तो खुर्चीवरचा टॉवेल सरकव आणि बस. चहा गार झाला तर होऊ दे.

हा पार्टोग्राफ, बाळंतपणाचा तक्ता, तू आत्ताच भरलास ना? बाई भरती होऊन तास झाला आणि तू संध्याकाळपर्यंतची टिंबं मांडून मोकळी. घाबरू नकोस, ओरडत नाही. दर अर्ध्या तासाला पोटावर भोंगा ठेवायचा, बाळाचे ठोके मिनिटभर मोजायचे आणि मग टिंब मांडायचं, हे तुला नर्सिंग कॉलेजात शिकवलं. टिंबं आधीच मांडून ठेवायची, किंवा मागाहून एका बैठकीत, हे तुला इथं कुणीतरी शिकवलं. मलाही शिकवलं होतं. आणि सगळ्या जणी एकशे चाळीसच लिहितात, कारण त्या आकड्यावर कुणी प्रश्न विचारत नाही.

गेल्या वर्षी एप्रिलात सरिता आली होती. फुलशेतीवाल्यांची सून, पहिलटकरीण. आपले डॉक्टरसाहेब दुपारी कुठं असतात ते तुला ठाऊक आहे, गावातल्या त्यांच्या स्वतःच्या दवाखान्यात. ठोके ऐकायचं मशीन बंद, दुरुस्तीचे तीन अर्ज कुठं गेले देव जाणे. त्यात लसीकरणाचा दिवस, बाहेर ऐंशी लेकरं आणि मी एकटी. आठ तासांत मी तिचे ठोके दोनदा ऐकले. दोनदाच. ती मात्र दर वेळी विचारायची, "ताई, चालू आहेत ना?" आणि मी दारातूनच सांगायचे, "एकशे चाळीस. छान आहेत."

बाळ रडलं नाही. साहेब आले, बघितलं, हात धुतले आणि म्हणाले, "छाया, तक्ता पूर्ण करून ठेव." मी बसले आणि मांडली सोळा टिंबं. पट्टीनं ओढल्यासारखी सरळ.

पुढं चौकशीची बैठक झाली. कागद स्वच्छ, मग चूक कुणाची? तर त्यांनी लिहिलं, मातेने प्रसूतीवेळी सहकार्य केले नाही. अगं, आठ तास ती बाई ओठ चावून पडली होती, शेजारच्या खोलीला कळू दिलं नाही तिनं. आणि म्हणे सहकार्य केलं नाही. आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्या बैठकीत मीही होते. हातात चहाचा कप धरून गप्प बसले होते, तेही सांगून टाकते.

या एप्रिलात खुशनुमा आली. तिचा नवरा आवेज लासलगावच्या मार्केटला कांद्याचे ट्रक भरतो. तो कामावर, सोबत सासू, बेगमचाची. खुशनुमाला उजवीकडच्या टेबलावर घेतलं. दीड वाजता लाईट गेली. पंखे थांबले. मागच्या कांदाचाळीतल्या सडक्या कांद्याचा वास आत आला आणि फिनेलमध्ये मिसळला. बाहेर भर दुपारचं ऊन, आत इतकं निवांत की घड्याळाचा काटा ऐकू येत होता.

सरितानंतर मी एकही टिंब न ऐकता मांडलं नव्हतं. भोंगा लावला, घड्याळ धरून मोजलं. एकशे चाळीस. अर्ध्या तासानं पुन्हा. एकशे चाळीस. कळ ऐन भरात असताना ऐकलं, तरी एकशे चाळीस. जित्या लेकराचं काळीज असं चालत नाही. ते चढतं, उतरतं, कळ आली की दबतं, पुन्हा सावरतं.

मग पाणमोट फुटली, पाणी आलं. हिरवं. बाळानं पोटातच शी केली की पाणी हिरवं येतं, ते गुदमरतंय याची ती खूण असते. मी साहेबांना फोन लावला. त्यांनी एकच विचारलं, ठोके किती? मी सांगितलं. मग झालं तर, थांब जरा, म्हणाले आणि ठेवला. सरिताच्या वेळीही हेच शब्द होते.

मी पुन्हा कान लावला. ठोके स्पष्ट होते, पण... कसं सांगू तुला... खालून येत नव्हते. बाजूनं येत होते. डावीकडचं टेबल रिकामं होतं, सकाळीच पुसून ठेवलेलं. सरिताचं टेबल. मी तिकडं गेले, वाकले, आणि नुसत्या रेक्झिनवर भोंगा ठेवला.

टक... टक... टक... टक...

मिनिटभर मोजले, शाझिया. एकशे चाळीस. रेक्झिनला हात लावला तर तेवढीच जागा कोमट होती, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी.

"सिस्टर..." मागून चाची हळूच म्हणाली, "उधर कोण हाय?"

मी लिहिलेली ती सोळा टिंबं तिथं अजून वाजत होती, आणि त्या आवाजाखाली खुशनुमाचं लेकरू मला ऐकूच येत नव्हतं. मी तक्ता ओढला आणि लिहिलं, बाळाचे ठोके ऐकू येत नाहीत. खाली सही केली. खुशनुमाला डाव्या कुशीवर वळवलं, एकशे आठला फोन करून गाडी बोलावली.

साहेबांना कळवलं तर ते भडकले. मघाशी एकशे चाळीस म्हणालीस ना, आता कशाला पाठवतेस, वर विचारलं तर उत्तर तू देशील. म्हटलं, "देईन, साहेब. दोन्हींचं देईन, सरिताचंही."

मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत ठोके ऐंशीवर आले होते. नाळेचे मानेला दोन वेढे. सिझेरियन केलं. मुलगा झाला आणि रडला. चाचीनं तिथल्या फरशीवरच डोकं टेकलं.

दुसऱ्या दिवशी मी सरिताकडं गेले. ती झेंडू तोडत होती. वाफ्यात उभी राहून सगळं सांगितलं, टिंबांसकट. वाटलं होतं थोबाडीत देईल, दिली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे ताई, मी जोर कमी दिला नव्हता ना?" वर्षभर घरातल्यांनी तिला तेच ऐकवलं होतं. मी तालुक्याला लेखी जबाब दिला. उत्तर आलं, सदर फाईल बंद झाली आहे. आणि खुशनुमाला वेळेत पाठवल्याबद्दल सत्कार कुणाचा झाला? साहेबांचा. शाल, नारळ, फोटो. मेल्यांना लाजही वाटत नाही.

दीड महिन्यानं खुशनुमा बाळाला डोस द्यायला घेऊन आली. सुई टोचली तसं ते लाल होऊन रडायला लागलं. सहज म्हणून छातीला स्टेथोस्कोप लावला. इतकं रडणाऱ्या लेकराचे ठोके दीडशेच्या वर कुठंही जातात. मी मोजले. एकशे चाळीस. आईनं पदराखाली घेतलं, ते प्यायलं, झोपलं. तेव्हा मोजले. एकशे चाळीस. स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला आणि कार्डावर डोसाची तारीख लिहिली. खुशनुमा लेकराकडं बघून हसत होती, तिला काय सांगणार होते मी?

मान वर केली तर दारात सरिता. कुणी बोलावलं नव्हतं, कशाला आली तिलाच ठाऊक. हाताला झेंडूचा वास. झोपलेल्या बाळाकडं बघत ती अगदी हळू म्हणाली,

"एकशे चाळीस... ना, ताई?"

आकडा मी उच्चारलाच नव्हता.

चल, ऊठ आता. आतली बाई कुठल्या टेबलावर घेतलीस? डावीकडच्या? ...बरं. ही टिंबं सगळी खोड, माझ्यासमोर खोड. भोंगा घे, घड्याळ घे, आणि पूर्ण मिनिट मोज. एकशे वीस आले तर एकशे वीस लिही, एकशे साठ आले तर एकशे साठ.

एकशे चाळीस आले तर काही लिहू नकोस. मला हाक मार.