सेलेनियमचा आकडा

काकूंनी डोक्याचा रुमाल सोडला आणि खुर्चीत टेकायच्या आधीच सांगून टाकलं, "घरातलं कुणीतरी मला विष घालतंय."

खासगी तपासाचं काम करणाऱ्या बेबीताईंनी वही उघडली. पन्नाशी आली तरी घरचं टोपणनाव त्यांना धंद्यातही चिकटलेलं होतं. शेजारी बसलेले त्यांचे थोरले भाऊ, दादा, मात्र बघतच राहिले. काकूंच्या डोक्यावर केसांचे चार पुंजके उरले होते. नखांवर पांढऱ्या रेघा होत्या, दोन नखं तर गळून पडली होती. नाटकांचे कपडे शिवण्यात जन्म घालवलेल्या बाईला आता सुई धरवत नव्हती.

काकूंना थायरॉईडचा जुना आजार होता, शरीर आपल्याच ग्रंथीवर उलटतं तो. सकाळी उपाशीपोटी गोळी, मग बराच वेळ चहासुद्धा बंद. वर्षापूर्वी डॉक्टरांनी थायरॉईडबरोबर रक्तातली खनिजंही तपासली. सेलेनियम कमी निघालं म्हणून गोळ्या लावल्या. पुढच्या प्रत्येक तपासणीत आकडा कमीच येत गेला आणि डोस वाढत गेला. नर्सिंग शिकलेली सून रक्त घरीच काढायची. लॅब मुलाची, औषधाचं दुकान धाकट्या दिरांचं.

"लसणाची चटणी खाऊन आलात वाटतं," दादा मध्येच म्हणाले.

काकू चमकल्या. कित्येक महिन्यांत त्यांनी लसूण तोंडाला लावला नव्हता. बेबीताई लगेच उठल्या, काकूंना परक्या लॅबमध्ये घेऊन गेल्या आणि डोळ्यांसमोर रक्त काढून घेतलं.

दादांचा संशय दिरांवर होता. गोदामासाठी त्यांना काकूंची शिवणाची खोली हवी होती. पण दीर उसळले. "मी चिठ्ठी वाचतो आणि गोळ्या देतो. बाटली घेऊन जा, तपासा." गोळ्या चिठ्ठीबरहुकूम निघाल्या.

मुलगा सरळ वाटला. नळी त्याच्याकडे आईचं नाव लावून बंदच यायची. रक्त काढताना तो घरी नसायचा. त्याने शेवटचे आकडे सांगितले. सेलेनियम कमी, लोहही कमी, आणि थायरॉईडवर उलटणारी प्रतिद्रव्यं भरपूर. आईचा आजारच तो, असं म्हणून तो खांदे पाडून बसला.

सून दुसऱ्या दिवशी सकाळी भेटली. शिवणाच्या खोलीत इस्त्रीची वाफ कोंडली होती. दादांचा सदरा पाठीला चिकटला होता, पण सुनेने लोकरी स्वेटर घातला होता. तिने सगळ्यांना चहा दिला, स्वतःचा कप बाजूला सारला. "मी थोड्या वेळाने घेते," असं ती बसक्या आवाजात म्हणाली. दादांनी तोही कप संपवला.

परक्या लॅबचा निकाल आला त्या संध्याकाळी बेबीताईंनी सगळ्यांना त्याच खोलीत बसवलं. डॉक्टरांनाही बोलावलं.

"काकूंच्या रक्तात सेलेनियम मर्यादेच्या कितीतरी पट आहे," त्या म्हणाल्या. "लोह अगदी व्यवस्थित. केस, नखं, श्वासाला लसणाचा वास, सगळं जास्तीच्या सेलेनियमचं लक्षण. गोळ्या घेणाऱ्याचा आकडा वर्षभर कमीच कसा राहील? एक तर आकडे खोटे लिहिलेले, नाहीतर रक्त दुसऱ्याचं."

"म्हणजे मुलगाच," दादा पुटपुटले.

"खोटे आकडे लिहिणारा लोह कशाला कमी दाखवेल? तो आकडा खऱ्या माणसाचा आहे. आणि प्रतिद्रव्यं सांगतात की त्या माणसालाही काकूंचाच आजार आहे. या घरात उकाड्यात थंडी कुणाला वाजते? आवाज कुणाचा बसलाय? सकाळी गोळी घेतल्यासारखा चहा कोण लांबवतं? आणि नळी भरताना एकटी कोण असते?"

सुनेने खाली बघतच सगळं सांगितलं.

लग्न ठरताना तिने आजार लपवला होता. नवऱ्याच्या लॅबमध्ये स्वतःच्या नावाने तपासणी करणं शक्य नव्हतं, आणि दुसऱ्या लॅबमधून बातमी त्याच्यापर्यंत पोचली असती. चोरून घेत असलेल्या गोळीचा डोस ठरवायला तिला फक्त थायरॉईडचा आकडा हवा होता. म्हणून सासूबाईंचं रक्त ती ओतून द्यायची आणि त्या नावाच्या नळीत स्वतःचं भरायची. खनिजांची तपासणीही त्यातूनच व्हायची, आणि गोळ्या मिळायच्या काकूंना.

डॉक्टरांचा चेहरा पडला. "मी आकड्याकडे बघत राहिलो, बाईंकडे बघितलंच नाही," ते म्हणाले आणि गोळ्या तिथेच बंद केल्या.

"माझेही केस गळतात," सून म्हणाली. "मला वाटलं, आईंचंही आजारामुळेच. नखं गळायला लागली तेव्हा कळलं. तेव्हा बोलायला हवं होतं. तोंडच उघडेना."

मुलगा भिंतीला टेकून उभा होता. वर्षभर बायकोच्या रक्तावर आईचं नाव घालून त्याने सह्या केल्या होत्या. तो एकच विचारत राहिला, "मला का नाही सांगितलंस?"

काकूंनी सुनेकडे बघितलं. विष घालणारा माणूस त्यांनी मनात शंभर वेळा रंगवला होता. त्यात हा चेहरा कधीच नव्हता.

"माफ करणं मला आज जमणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तुझं लोह कमी आहे, सेलेनियम कमी आहे आणि त्यावर तुला कुणी औषध देत नाहीये." त्या डॉक्टरांकडे वळल्या. "हिला आत्ता तपासा. हिच्या नावाने."