टोपीसाठी कापलेली वेणी

“केस कापावेच लागतील, ताई!” धाकटा कडाडला, आणि थोरलीच्या हातातला कंगवा आईच्या वेणीत तसाच अडकून राहिला.

धाकट्यानं आईसाठी आणलेली टोपी कसली, रबरी जाळीच होती ती! तिच्यातल्या बटणाएवढ्या चकत्या डोक्याच्या कातडीला नीट टेकल्या, की पडद्यावर लुकलुकणाऱ्या अक्षरांपैकी माणसाच्या मनात कोणतं आहे, ते मेंदूच्या लहरींवरून यंत्राला कळायचं. धाकटा अशी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता. पक्षाघातानं आईची वाचा आणि हातपाय जाऊन कित्येक वर्षं लोटली होती. पण तिच्या दाट केसांतून लहरी काही पकडता येईनात.

“कापू नकोस रे... एवढंच तर उरलंय तिचं!”

“तिचं, की तुझं? इतकी वर्षं तूच ठरवतेस, आईला हे आवडतं, आईला ते नको! तिला कधी विचारलंस? माझ्याकडे यायचं असेल तिला! ती बोलेल, याचीच तुला भीती वाटतेय!”

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. कोण बोलतंय हे! पाहुण्यासारखा येणारा, आईची कूस बदलायची वेळ आली की फोन कानाला लावून गॅलरीत पळणारा हा! हिनं आईसाठी चालतं पार्लर बंद केलं, ठरत आलेलं लग्न मोडलं... आणि हा उंटावरून शेळ्या हाकणार? पण आईनं खरंच त्याच्याकडे जायचं म्हटलं तर, ही धास्ती तिच्या अंतःकरणात होतीच.

तरीही तिनं कात्री उचलली. “परक्या हातात तिचं डोकं देणार नाही मी. मीच कापते. आणि आई म्हणेल ते मला मान्य!” वेणी तुटली तेव्हा आईच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं, थोरलीनं आपलं मात्र गिळलं.

धाकट्यानं जेल लावून टोपी बसवली. “आई, माझ्याकडे येतेस ना राहायला?”

अक्षरं लुकलुकू लागली. ‘ति’... मग बऱ्याच वेळानं ‘ला’...

“तिला? तिला सोडून यायचंय, आई?” धाकटा हर्षानं म्हणाला. थोरलीनं वेणी घट्ट धरून डोळे मिटले.

‘तिला विचार.’

“अगं, मी तुला विचारतोय!”

आईच्या कपाळावर घाम फुटला, पण ती थांबली नाही. एकेक अक्षर उमटत गेलं... ‘कुणीच नाही विचारलं.’

धाकट्याची मान खाली गेली. समोर ताईच्या मांडीवर ती वेणी होती. “ताई... तुला काय हवंय गं?”

वर्षानुवर्षं मनात घोळवलेलं एकही जहरी वाक्य तिला आठवेना. “पार्लर उघडायचंय मला!” ती हुंदके देत म्हणाली. “सकाळी जायचंय, संध्याकाळी यायचंय. आई या घरातच राहील. तू ये इथं राहायला!”

“येतो.”

“नुसतं येतो म्हणू नकोस! ते जेल सुकायच्या आत धुवावं लागेल. पाणी कोमट घे, तिच्या डोळ्यांत जाऊ देऊ नकोस.”

धाकट्यानं बाह्या सरसावल्या. त्याच्या नवख्या हातांनी अर्धं पाणी आईच्या खांद्यावर सांडलं. आई त्याही स्थितीत डोळ्यांनी हसली. थोरली सवयीनं उठायला गेली, आणि मग तशीच बसून राहिली.