पुसलेला ढब्बू

"नमस्कार. मी बागकाम करणारा यंत्रमानव. आपलं नाव काय?"

हातात कागदी झेंडूंची माळ घेऊन केतकी जागच्या जागी थिजली. चार वर्षं ज्याने ‘केतके, केतके’ करून तिला भंडावून सोडलं, तो ढब्बू आज तिला ‘आपलं’ म्हणत होता! तिने त्याला पुढून पाहिलं, मागून पाहिलं. अंगावर ओरखडा नाही, एकही भाग बदललेला नाही, बॅटरी काठोकाठ भरलेली. मग हा असा परक्यासारखा का बोलतोय?

"ढब्बू, चेष्टा पुरे हं."

"ढब्बू म्हणजे काय?" त्याने अदबीने विचारलं.

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या त्या घुमटात बारा कुटुंबं राहत होती आणि मुलं फक्त दोन. त्यातलं दुसरं अजून रांगत होतं. म्हणजे केतकीला मित्र म्हणून होता तो ढब्बूच. आई पृथ्वीवर परत गेली, त्या दिवशी केतकी टोमॅटोच्या वाफ्यामागे लपून किती रडली, हे फक्त त्यालाच ठाऊक होतं.

ती धावत आबांकडे गेली आणि ढब्बू तिला ओळखत नसल्याचं सांगितलं. आबा म्हणजे तिचे आजोबा, डॉ. सबनीस. घुमटातला एकुलता एक मोठा संगणक त्यांच्या ताब्यात होता.

"आज त्या संगणकाला कोणी हात लावला?" आबांनी विचारलं.

"मी! आज खंडेनवमी ना!" केतकी म्हणाली. सबनीसांच्या घरात खंडेनवमीला यंत्रं पुसून त्यांना हळदकुंकू वाहायची रीत होती. आबा त्यात आणखी एक भर घालत. संगणकातले सगळे जुने कंटेनर, म्हणजे एकेका कामाचे बंद कप्पे, पुसायचे आणि नवेकोरे उभे करायचे. "तुमचे गुडघे दुखत होते, म्हणून मीच केलं. तुम्हीच म्हणता की कंटेनर पुसायला घाबरायचं नाही, पाच सेकंदांचं काम असतं."

आबांनी चष्मा काढला.

"केतकी, मी ढब्बूला दरवर्षी वगळत होतो गं."

"मग सांगितलं का नाहीत?"

ज्या माणसाकडे उत्तर नसतं, तो समजावून सांगायला लागतो. आबांनीही तेच केलं.

"हा आपला यजमान संगणक (ज्याच्या पोटात बाकीचे सगळे चालतात तो). त्यावर लिनक्स (संगणक चालवणारी मूळ प्रणाली) चालतं. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल (यंत्राची ताकद कामांना वाटून देणारा भाग). हवा, पाणी, शाळा, ढब्बूचं डोकं, अशा प्रत्येकाला वेगळा संगणक द्यायला इथे वीज कुठली? मग एकाच संगणकात प्रत्येकासाठी खोटाखोटा संगणक उभारायचा. पण त्या प्रत्येकाला स्वतःचा कर्नल दिला, तर तो जड होतो. आपल्या घुमटात बारा घरं आहेत. प्रत्येक घरात हवा तयार करायचं वेगळं यंत्र आहे का?"

"नाही. यंत्र एकच. दारं वेगळी."

"तसंच कंटेनरचं (स्वतंत्र संगणक असल्यासारखी वागणारी बंद खोली). कर्नल सगळ्यांचा एकच, दारं वेगळी. आतल्याला वाटतं, अख्खं यंत्र आपलंच. शिवाय प्रत्येकाला वाटणी ठरवून दिलेली असते. त्यामुळे ढब्बूने कितीही डोकं चालवलं, तरी हवेच्या यंत्रणेचा वाटा त्याला खाता येत नाही."

"मला ढब्बू हवाय," केतकी म्हणाली. "धडा नकोय."

आबा बोलतच राहिले. "कंटेनर साच्यावरून काढतात. मोदकासारखा. मोदक खाल्ला तरी साचा जागेवर असतो, दुसरा काढता येतो. म्हणून पुसायला घाबरायचं नाही म्हणतो मी. पण मोदकावर तू नंतर केशराची काडी लावलीस, तर ती साच्यात उमटते का?"

साचा चार वर्षांपूर्वीचा होता. तिचं नाव, टोमॅटोचा वाफा, आईचं जाणं, ही सगळी केशराची काडी होती.

"पुसलेलं परत आणा ना!"

आबांनी पडद्यावर शोधून पाहिलं. "त्या जागेवर सकाळपासून हवेच्या नोंदी लिहिल्या गेल्यात."

"मग आठवणी आतच का ठेवल्या?"

"बाहेर ठेवायची सोय असते. त्याला व्हॉल्यूम म्हणतात (कंटेनरच्या बाहेर, यजमानाकडे ठेवलेलं कपाट). आतून ते उघडता येतं, पण खोली पाडली तरी कपाट राहतं. ढब्बूला ते जोडायचंच होतं. उद्या करू, उद्या करू म्हणत..."

"चार वर्षं?"

"चार वर्षं."

केतकीला आबांचा भयंकर राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला, आणि दोन्ही राग एकाच वेळी कुठे ठेवायचे ते तिला कळेना. तिने माळ जमिनीवर आपटली. आबांनी ती वाकून उचलली. गुडघे दुखत असूनही उचलली, म्हणून तर केतकीला रडूच आलं.

संध्याकाळी ती स्वतः संगणकासमोर बसली. आबा सांगत गेले, ती करत गेली. आधी यजमानावर कपाट तयार केलं. मग साच्यावरून कंटेनर काढताना त्याच्या आठवणींची जागा त्या कपाटाला जोडली. मग कंटेनर सुरू केला.

"आता त्याला काहीतरी सांग," आबा म्हणाले, "आणि मग त्याला पूस."

"परत?"

"कपाट जोडलंय असं वाटणं वेगळं आणि ते जोडलेलं असणं वेगळं. मी तपासलं नव्हतं."

ती ढब्बूजवळ गेली. काय सांगायचं? खूप काही होतं. शेवटी तिने जे सगळ्यात जड होतं तेच सांगितलं.

"माझं नाव केतकी. तुझं नाव ढब्बू. तुझ्याआधी एक ढब्बू होता. त्याला मी पुसलं."

मग तिने संगणकावर आज्ञा दिली. ढब्बूच्या डोळ्यांतले दिवे विझले. तिने नवा कंटेनर काढला, तेच कपाट जोडलं. एक, दोन, तीन, चार, पाच.

दिवे लागले.

"केतकी," तो म्हणाला. "माझ्याआधी एक ढब्बू होता. त्याला तू पुसलंस."

आबांनी मान खाली घातली. केतकीने मान डोलावली. बाकी काहीच त्याच्यापाशी नव्हतं. एवढं मात्र आता कंटेनर पुसला तरी पुसलं जाणार नव्हतं.

"तो तुला काय म्हणायचा?" ढब्बूने विचारलं.

केतकीने नाक पुसलं आणि टोमॅटोच्या वाफ्याकडे त्याला हाताला धरून नेलं. "केतके म्हणायचा," ती म्हणाली. "चल, इथून सुरुवात करू."